मला गीझर म्हणू नका

मी टाकी बोलतेय. पाणी तापवणारी, उंच, गोल, पांढऱ्या पत्र्याचा झगा घातलेली टाकी. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी नावाच्या गावी, एका गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. या घरात आले त्या दिवसापासून सगळे मला गीझर म्हणायला लागले. एका शब्दात मला पुरुष करून टाकलं, ते मी सोडून दिलं. पण त्याच शब्दापायी एका मुलीच्या हातचा हिवाळा जायची वेळ आली होती, ते मात्र सोडता येत नाही. म्हणून बोलतेय.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यातला. पत्रा वळवून माझं पोट केलं, आतून काचेचा लेप दिला, विजेवर तापणाऱ्या दोन कांड्या बसवल्या आणि भोवती फोमची जाड गादी गुंडाळली. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हा माझा स्वभाव तेव्हाच ठरला.

पहिलं घर एका वयस्कर जोडप्याचं होतं. त्यांच्या तळघरात मी वर्षानुवर्षं उभी होते, आणि त्या दोघांनी माझ्याकडं कधी वळून पाहिलं नाही. यात त्यांचा दोष नाही. इथं टाकी रात्रंदिवस चालूच असते. नळ सोडला की गरम पाणी येतं, यापलीकडं माणसं विचार करत नाहीत. तिला कोणी चालू करत नाही, कोणी बंद करत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मग त्यांनी गॅसवरची नवी टाकी घेतली आणि मला रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं. छातीवर पुठ्ठा चिकटवला, ‘फुकट’. दिवसभर गाड्या समोरून गेल्या. संध्याकाळी एक व्हॅन पुढं जाऊन थांबली आणि तशीच मागं आली.

ती दीक्षा. नुकतीच मेकॅनिकल इंजिनिअर झालेली, सहा वर्षांची असताना नागपूरहून इथं आलेली. तिनं माझ्या अंगावर टिचक्या मारल्या, खाली वाकून गंज पाहिला आणि मला एकटीनं व्हॅनमध्ये चढवलं. कसं, ते मलाही कळलं नाही.

घरी तिची आई शीला दारातच उभी होती. “लोकांच्या दारातलं उचलून आणलंस? शेजारच्या सुवर्णाकाकूंनी पाहिलं असेल तर?”

“पाहू दे. त्यांचा सोफा कुठून आला ते विचार त्यांना.”

वडील, लहू, चष्मा पुसत बाहेर आले. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, पण यंत्र दिसलं की लांबूनच बघायचे. “हे काय? गीझर का?”

दीक्षानं तोंड उघडलं होतं. हे नुसतं पाणी तापवणारं नाही, यातून गॅरेजची जमीन गरम होणार आहे, हे तिला सांगायचं होतं. पण मोठ्यांना समजावत बसायचा तिला भारी कंटाळा. “हो बाबा, गीझर,” ती म्हणाली आणि मला आत ढकलायला लागली.

तो खटाटोप कशासाठी होता ते सांगते. दीक्षाला नोकरी मिळाली होती, वसंतात रुजू व्हायचं होतं. तिला मात्र नावा बांधायच्या होत्या. कनू म्हणतात ना इथं, दोघांनी वल्हवायची निमुळती लाकडी नाव, ती. उत्तरेकडं एका तळ्याकाठी मुलांचं उन्हाळी शिबिर भरायचं, त्यांना एक हवी होती. ती चांगली झाली तर पुढच्याही तिच्याकडूनच घेणार होते. इंजिनिअर होऊन होड्या बांधणार, हे लहूंना पचेना. शेवटी त्यांनी अट घातली. तळ्यावरचा बर्फ जाईपर्यंतचे दिवस तुझे. नाव तरंगली तर मी बोलणार नाही, नाही तरंगली तर नोकरी. दीक्षानं लगेच हो म्हटलं.

अडचण एकच होती. सीडरच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून नाव उभी करायची आणि वर काचेचं कापड टाकून त्यावर इपॉक्सी नावाची राळ चढवायची. ती राळ थंडीत वाळत नाही. आणि मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे गॅरेजमध्ये पाण्याचा पेला ठेवला तर चहा होईस्तोवर त्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो.

म्हणून तिनं गॅरेजच्या जमिनीवर फोमचे तक्ते टाकले, त्यावर प्लॅस्टिकची लांब नळी जिलबीसारखी वळवत नेली आणि वर काँक्रीट ओतलं. नळीची दोन्ही टोकं माझ्याकडं आली. मी पाणी तापवायचं, छोट्या पंपानं ते जमिनीखाली फिरवायचं आणि गार झालं की माझ्याकडं परत आणायचं. पाण्यात ते गोठू न देणारं औषध मिसळायचं होतं. लहू म्हणाले, साध्या पाण्यानं भागतं की. दीक्षानं ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी नळीत हवा अडकली आणि मी गुडगुडायला लागले. शीला डोकावून म्हणाली, “हिला ओवा द्या.” घरात मला ‘हिला’ म्हणणारी ती पहिली.

संध्याकाळपर्यंत जमीन कोमट झाली. दीक्षानं बूट काढले आणि मोजे घालून नुसती उभी राहिली. कोणी माझ्यामुळं असं डोळे मिटून उभं राहिलेलं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

मग तिनं माझ्याशेजारी भिंतीवर एक मोठा खटका लावला. तो खाली ओढला की मी आणि पंप दोघंही बंद. वर एक लाल दिवा लावला, लांबून बघून मी चालू आहे हे कळावं म्हणून. तो लाल दिवाच घात करणार होता.

त्याच सुमाराला मोठेबाबा आले. लहूंचे थोरले भाऊ, राजाराम. विदर्भात थोरल्या काकांना मोठेबाबा म्हणतात. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि वर्षापूर्वी मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून नागपूरला एकटेच राहणारे. लहूंनी त्यांना हिवाळाभर बोलावून घेतलं. माणूस प्रेमळ, पण हात कायम बटणांवर. खोलीतून कोणी बाहेर पडलं की मागून दिवा बंद. टीव्हीसमोरून शीला फोन घ्यायला उठली की टीव्ही बंद. दीक्षा एकदा आंघोळीला गेली होती, बाहेरून बाथरूमचा दिवाच गेला. आतून ती ओरडली, तर हे म्हणाले, “असं होय, तू आत आहेस का?”

गॅरेजमध्ये येऊन ते नावेभोवती फिरायचे. “काहून गं पोरी, खिळा एकपण नाही मारलास?” दीक्षा हातातलं काम न थांबवता म्हणायची, “लागत नाही, मोठेबाबा.” बस. तेवढंच बोलणं.

नाताळच्या सुट्टीत शिकागोला लहूंच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. दीक्षाला जायचं नव्हतं. तुझी नाव काही पळून जात नाही, असं शीलानं तिला बजावलं. निघायच्या सकाळी दीक्षानं नावेला राळेचा मुख्य थर चढवला. ओलं कापड काचेसारखं पारदर्शक झालं आणि खालचं लाल-पिवळं लाकूड चमकायला लागलं. परत येईपर्यंत ते दगडासारखं घट्ट होणार होतं. तिनं माझा काटा पाहिला, दिवा पाहिला आणि गाडीत जाऊन बसली.

सगळे बसले होते. तेवढ्यात मोठेबाबा एक मिनिट म्हणून उतरले आणि घरात परत गेले. गॅसची बटणं पाहिली, नळ पाहिले आणि शेवटी माझ्याकडं आले. लाल दिवा लागलेला. त्यांनी जिभेनं च्‌च्‌ केलं. माझ्या पोटावर हात ठेवून पाहिला. गरम. वेळेवर आलो, अशी समाधानानं मान हलवली आणि खटका खाली ओढला.

दार लागलं. व्हॅनचा आवाज लांब गेला.

मी माझ्यापुरती गरम होते. फोमची गादी होती ना. पण ऊब पोहोचवणारा पंप गप्प. पायाखालची जमीन गार पडत गेली ते मला कळत होतं. नळीतलं मिश्रण आधी जड झालं, मग बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखं झालं. समोर नाव होती, ओली. माझ्याजवळ तिला पुरेल एवढी ऊब होती आणि ती द्यायचा रस्ता नव्हता. यापेक्षा वाईट दिवस मी पाहिलेले नाहीत. रस्त्याच्या कडेला पुठ्ठा लावून उभी होते, तो दिवसही नाही.

परत आल्या आल्या दीक्षा धावत गॅरेजमध्ये आली आणि थांबली. नावेवर पांढरट, चिकट धुकं बसलं होतं. तिनं बोट लावलं, बोटाचा ठसा उमटला. मग वाकून जमिनीला हात लावला.

मागून लहू आले. म्हणाले, उगाच नाही लोकांनी हे बाहेर टाकून दिलं. मला बोलता आलं असतं तर तिथंच बोलले असते.

दीक्षानं वायरी पाहिल्या, पंप पाहिला, मग तिची नजर खटक्यावर गेली. त्याच वेळी मोठेबाबा चहाचा कप घेऊन आत आले. सगळे खटक्याकडं बघताहेत हे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“मी बंद केला ना गीझर. तुम्हा कोणालाच आठवण नव्हती.”

आणि ते शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” दीक्षाचा आवाज वर चढला नव्हता.

“सांगायला काय पाहिजे? घरातून निघताना गीझर बंद करतात.”

“इथं नाही करत. आणि कळत नसेल तर हात नका लावू ना. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्ट बंदच करायची असते. दिवा बंद, टीव्ही बंद, माझं काम बंद.”

“दीक्षा,” लहू म्हणाले.

मोठेबाबांनी हातातला कप माझ्या डोक्यावर ठेवला आणि आत गेले. तो कप तसाच राहिला. चहा वाळून तळाला तपकिरी कडं उरलं.

मला तिनं सावकाश तापवलं. नळी फुटली नव्हती, औषधानं वाचवलं होतं. मिश्रण पातळ झालं, पंप कण्हत फिरायला लागला, मी पुन्हा गुडगुडले. पण नावेवरचा सगळा थर खरवडून, घासून, उतरवून परत चढवायचा होता. दोन-चार दिवसांचं काम नव्हे ते, जीव काढणारं काम. आणि बाहेर दिवस मोठे व्हायला लागले होते.

एका दुपारी मोठेबाबा लहूंचा जुना कोट घालून आले. कप न्यायला आलो, म्हणाले. कप हातात घेतला आणि गेले नाहीत.

“किती काढायचं आहे?”

“सगळं.”

ते नावेकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. “हे सतत चालूच ठेवायचं असतं?”

“हो.”

“आमची आई चुलीतले निखारे रात्री राखेखाली झाकून ठेवायची. विझू द्यायची नाही. विझले तर दुसऱ्याच्या दारात विस्तव मागायला जायचं, आणि आम्हाला कोण देणार होतं तेव्हा विस्तव? तसं आहे का हे?”

दीक्षाचा हात थांबला. ती म्हणाली, “हो. तसंच आहे.”

“मग तसं सांगायचं. गीझर कशाला म्हणालात? गीझर म्हटल्यावर माणूस बंदच करणार. ही तर चूल आहे.”

“माझ्या वर्कशॉपात चूल नको हं, मोठेबाबा. मी काय यासाठी इंजिनिअर झाले?”

“हिच्यावर स्वयंपाक कुठं होतोय? नाव शिजतेय.”

ती हसली. हसायचं नव्हतं तिला, तरी हसली. मग घासायचा कागद फाडून अर्धा त्यांच्या हातात दिला.

“मी गीझर म्हणायला नको होतं,” ती म्हणाली. त्या मुलीच्या तोंडून माफी यापेक्षा जास्त येत नाही, एवढं मी आता ओळखते.

त्यांना काम काही येत नव्हतं. आडवं घासायचे. “उभं घासा, लाकडाच्या रेषेनं,” ती खेकसायची. “बरं, मास्तरीण,” ते म्हणायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा आडवं. ती पुन्हा खेकसायची. पण रोज दुपारी यायचे, बूट दाराशी काढायचे आणि गरम जमिनीवर अनवाणी उभे राहायचे. बाहेर पडताना गॅरेजचा दिवा बंद करायचे. माझ्याकडं बघायचे आणि हात मागं घ्यायचे. खटक्यावर दीक्षानं रंगानं लिहिलं होतं, ‘चूल. विझवू नये.’

राळेचा नवा थर शेवटी घट्ट बसला. एप्रिलमध्ये छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं आणि एका सकाळी नाव व्हॅनच्या टपावर बांधून चौघंही गेले. गॅरेज एकदम रिकामं झालं. तळं मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. संध्याकाळी दार वर गेलं तेव्हा आधी मोठेबाबा दिसले. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, आणि थंडीनं दात वाजत असताना ते हसत होते.

लहू माझ्याशेजारी येऊन टेकले. चष्मा पुसला. मग म्हणाले, “उद्या त्या कंपनीला फोन कर. नाही म्हणून सांग.”

“मागच्याच आठवड्यात सांगितलं, बाबा.”

लहूंनी काय तोंड केलं ते तुम्हीच समजा. पण बोलायचं नाही ही अट त्यांचीच होती.

ती सत्त्याण्णवची गोष्ट. आता दशक संपत आलंय. भिंतीला आणखी दोन नावा टेकून उभ्या आहेत. मोठेबाबा नागपूरला असतात, रविवारी फोन करतात. आधी विचारतात, चूल पेटती आहे ना, आणि मग जयभीम.

माझा तळ गंजलाय. पायाशी ओल येते, दीक्षानं खाली ताट ठेवलंय. समोर खोक्यात नवी टाकी येऊन उभी आहे. गोरीपान, अजून कोणाचं पाणी न तापवलेली. तिचा मला राग नाही. मी दोनदा टाकून दिली जाणार हे खरं, पण मधल्या काळात कोणीतरी माझ्यासमोर डोळे मिटून उभं राहिलं होतं.

दीक्षा, मला काढशील तेव्हा तळाची तोटी सावकाश उघड, माझ्यात अजून ऊब असेल, हात भाजेल. त्या खटक्यावरचा रंग खरवडू नकोस. आणि नवी आली की घरातल्या मोठ्यांना बोलव, थोडा वेळ काढ, कंटाळू नकोस, आणि पहिल्याच दिवशी तिचं नाव त्यांना नीट सांग.