एक गुण म्हणजे बास्केट नव्हे

ऐका रे मित्रांनो, नुसतं ऐका, मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी विसरेन! मी एक जुनी गादी आहे. बसायची. एवढीशी, हिरवी, रेक्झिनची, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. आमच्या वॉल्ड्रन गावात, म्हणजे तिकडे अमेरिकेत, आयोवात, माझ्यावर एकच बाई बसते. व्हर्ना टोलेफसन. पण तीसुद्धा आल्या आल्या बसत नाही हां, तीच तर गंमत आहे!

थांबा, आधी माझा जन्म सांगते. मी मुळात बसची सीट होते. वॉल्ड्रन कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची बस व्हर्ना चालवायची. तेव्हा त्या टीमला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. बर्फातून तीन-तीन तास जायचं, हरायचं, परत यायचं, आणि पोरी माझ्यावर गाल टेकून झोपायच्या. एकीने तर मला च्युइंगगम चिकटवलं होतं, अजून डाग आहे! ती बस मोडीत निघाली तेव्हा व्हर्नाने सीटचं रेक्झिन कापून घेतलं, आत फोम भरला, जाड दोऱ्याने शिवलं आणि मला काखोटीला मारून सामन्याला गेली. कारण जुन्या जिमचे, म्हणजे सामने व्हायचे त्या हॉलचे, बाक लोखंडी. जानेवारीत असे गार, की बसलेला माणूस किंचाळून उठायचा.

मी बाकावर पसरून तयार. आता बसेल, मग बसेल. सामना सुरू झाला तरी बाई उभीच! टाळ्या वाजवतेय. शेजारी ड्वेन होता, आमचा पोस्टमन. तो म्हणाला, "व्हर्ना, गादीत खिळा राहिलाय का गं?"

"पोरींची पहिली बास्केट होऊ दे, मग बसते."

"आणि नाही झाली तर?"

"तर माझं जेवण इथेच आणून दे. आणि मोहरीचा सॉस जास्त घाल."

आता हे खूळ कुठून आलं? तर व्हर्ना शाळेत असताना आमच्याकडे मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा असायचा. तीन जणी बास्केट करणाऱ्या, तीन अडवणाऱ्या. अडवणाऱ्या म्हणजे गार्ड. गार्डने मैदानाची मधली रेघ ओलांडायचीच नाही. व्हर्ना गार्ड होती. चार वर्षं खेळली, आणि एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नाही. नियमच तसा, बोला! आपल्या टीमची बास्केट व्हायची पार त्या टोकाला, आणि ही रेघेवर टाचा उंचावून बघत उभी. ती तशीच उभी राहते अजून. बसली तर पहिली बास्केट चुकेल असं वाटतं तिला.

मग तिचं बघून ड्वेन उभा राहायला लागला, मग मागची रांग, मग सगळी जिम. चाळीस माणसं असायची तेव्हा. मग काय झालं माहितीये? पोरी जिंकायला लागल्या! आणि जिंकायला लागल्या म्हणजे थांबेचनात! तीस गुणांनी, चाळीसने, एकदा तर एकसष्टने. सहा वेळा देशात पहिल्या. नवं स्टेडियम झालं, पाच हजार माणसं यायला लागली, आणि पाचही हजार पहिल्या बास्केटपर्यंत उभी! उभं राहायचं म्हणजे तरी किती? वीस सेकंद. मी मनात मोजायचे, एक, दोन, तीन, आणि धप्प! व्हर्ना माझ्यावर. आमच्या टीमचं नाव फॉक्सेस, म्हणजे कोल्हे. एकदा मागचा पाहुणा म्हणाला, "तुमच्या लेडी फॉक्सेस बऱ्या खेळतात हो." व्हर्ना गर्रकन वळली. "लेडी कशाला? कोल्हा काय बायकांची टोपी घालून फिरतो? फॉक्सेस म्हणा!"

पण मित्रांनो, नव्या स्टेडियममध्ये खुर्च्यांना आधीच गादी होती. मग मी कशाला? व्हर्नाने मला गाडीच्या डिकीत ठेवलं. दोन हिवाळे मी बर्फाच्या फावड्याशेजारी पडून होते. स्टेडियममधून पाच हजार माणसांचा आवाज यायचा, आणि मी मोजायचे, एक, दोन, तीन... कुणी बसायचं नाही. वाईट वाटायचं हो.

मग व्हर्नाच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उंच बसा. तिची मुलगी जोलीन डिकी उघडून मला झटकत म्हणाली, "आई, ही चालेल की!" आणि मी परत आले! पहिल्या रांगेत, कठड्यामागे.

आता त्या दिवसाचं ऐका. सलग एक्क्याऐंशी सामने आम्ही घरच्या मैदानावर हरलो नव्हतो. समोर मार्ले नावाचं बारकंसं कॉलेज. हरलो तर मोसम खलास. सगळे उभे, मी मोजतेय. वीस झाले. पन्नास झाले. आमचा चेंडू रिंगला लागून बाहेर. पुन्हा बाहेर. मार्लेची एक काटकुळी पोरगी होती, तेरा नंबरची, ती आमच्या पोरींना श्वास घेऊ देत नव्हती. दोन मिनिटं. तीन. मार्ले चार, आम्ही शून्य. सात-शून्य.

जोलीन कुजबुजली, "आई, बस ना. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर कुठे बसलाय? त्याला विचारून येऊ?"

पाच मिनिटं झाली. नऊ-शून्य. तेवढ्यात आमच्या पोरीला धक्का लागला आणि फ्री थ्रो मिळाला. म्हणजे रेघेवर निवांत उभं राहून टाकायचं, कुणी अडवायचं नाही. पडला! नऊ-एक! पाच हजार माणसांनी "हुश्श" केलं आणि सगळी धपाधप बसली. ड्वेनसुद्धा.

व्हर्ना उभीच.

"अगं झाला की गुण!" ड्वेन म्हणाला. त्याच्या मांडीवर चिप्सची पुडी होती, आत खिमा ओतलेला. "बस आता, खाऊ दे मला."

"गुण झाला. बास्केट कुठे झाली?"

"एक म्हणजे एक!"

"कुणी अडवलंच नाही, ती कसली बास्केट? गार्डला विचार."

मागून ओरडा सुरू झाला. "ओ आजी, बसा की! तुमची पाठ बघायला आलोय का आम्ही?" व्हर्नाने दोन्ही हातांनी कठडा धरला. मला दिसत होतं ना, मी खालीच होते! सगळा भार तिने एका पायावर घेतला होता. मित्रांनो, माझं आयुष्यभराचं कामच काय, तर कुणीतरी बसावं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, बसू नकोस गं व्हर्ना. आणि लगेच वाटलं, पडलीस तर?

जोलीनने आईकडे बघितलं. मला ओढून काढलं. मला वाटलं, झालं, आता आईला दाबून बसवणार. पण तिने माझी घडी घातली आणि व्हर्नाची दुखरी कंबर आणि कठडा यांच्या मधे मला खोचलं. "रेल हिच्यावर," म्हणाली, आणि स्वतः शेजारी उभी राहिली. ड्वेनने एक सुस्कारा सोडला, पुडी खाली ठेवली आणि उठला. "माझा खिमा गार होतोय, एवढंच सांगून ठेवतो."

मी बसायची गादी, आणि मी उभी! व्हर्नाचा सगळा भार माझ्यावर. आणखी दीड मिनिट. मग आमच्या पोरीने तेरा नंबरच्या हातावरून चेंडू टाकला आणि जाळीत गेला. व्हर्ना केवढ्याने ओरडली! आणि मग बसली. हळूच. कधी नव्हे इतकी हलकी.

आम्ही हरलो. चार गुणांनी. लोक कोट चढवून निघून गेले. मार्लेच्या पोरी नाचत कठड्याजवळून चालल्या होत्या, तेव्हा व्हर्नाने तेरा नंबरचा हात धरला. "पोरी, साडेसहा मिनिटं! मी गार्ड होते, मला चार वर्षांत जमलं नाही असं."

पोरगी गडबडली. "आजी, मला वाटलं तुम्ही आमच्यावर चिडून उभ्या आहात."

"चिडून? अगं, तूच तर मला उभं ठेवलंस!"

दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की व्हर्नाला परत माझ्यावर रेलावं लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी जुनी गादी असेल ना, तर फावड्याशेजारी टाकू नका. बसायला नसेल लागत, रेलायला लागेल. बरं, आता खरं खरं सांगा हां. नऊ-एक झालेत, सगळं स्टेडियम बसलंय, मागून लोक ओरडतायत, कंबर ठणकतेय. तुम्ही काय केलं असतं?