कादंबरीचे निमंत्रक

मी रामहरी, वय एकसष्ट. वालचंदनगरला कंपनीत चौतीस वर्षं फिटर होतो आणि निवृत्त झाल्यावर कळंबच्या घरी बसून एक कादंबरी लिहिली. मोठेपणा म्हणून सांगत नाही. आमच्याकडं निवृत्त माणूस कोंबड्या पाळतो नाहीतर ग्रामपंचायतीला उभा राहतो. मला कोंबड्यांचा वास सोसत नाही, आणि निवडणुकीला पडलेल्या चुलत्याचे हाल मी जवळून पाहिलेत. राहिली कादंबरी.

रोज पाचशे शब्द असा नेम धरला. नोंद कुठं ठेवायची? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, त्याच चौकटीत शब्द मांडायला लागलो. ज्या दिवशी काही सुचलं नाही, त्या दिवशी खाडा. आम्हाला दूध घालणाऱ्या तानूबाईनं एकदा त्या चौकटीत ४८० हा आकडा वाचला आणि एवढं दूध दुसरं कोण घालतंय म्हणून आमच्या घरात येऊन भांडून गेली. शब्द आहेत म्हटल्यावर तर ती जास्तच बिघडली. शब्द मोजायला माणसाला काय धाड भरलीय, असं तिचं म्हणणं पडलं. पुढं आठवडाभर दुधात पाणी जास्त होतं.

कादंबरीचं नाव 'दोन सूत जागा'. दोन भाग एकमेकांत बसवताना मध्ये थोडी जागा सोडावी लागते, नाहीतर ते अडकून बसतात. हे मला यंत्रात पहिल्या वर्षी कळलं आणि संसारात कळायला केस पांढरे झाले. वीस प्रकरणं झाली. त्यातली एकोणीस मी कादंबरी व्हावी म्हणून लिहिली. विसावं तेवढं खरं होतं, आणि त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

विसाव्या प्रकरणात असं आहे की, एक बाई इंदापूरच्या दवाखान्यात बाळंतपणात अडून राहिलीय आणि तिचा नवरा जवळ नाही. कंपनीत जादा पाळी लागली असं सांगून तो बारामतीला एकांकिका स्पर्धेत तोंडाला रंग लावून उभा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात येतो, मुलगा बघतो, आणि पाळी फार जड गेली असं सांगतो. तो नवरा मी. तो मुलगा आमचा सौरभ, आता पुण्यात नोकरीला आहे. चौतीस वर्षं ही गोष्ट माझ्या घशात अडकून होती, आणि बायकोला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. तिनं ती वाचावी, एवढंच मला पाहिजे होतं.

पण ती हातानं लिहिलेलं वाचेना. वह्या पुढं केल्या, तर म्हणाली की हातानं लिहिलं की ते पत्र, पुस्तक म्हंजी छापलेलं. छापून आणा, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचते. आणि तिची ख्याती अशी, की बोलली म्हणजे करणारच. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी वह्या परत पाठवल्या, तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. तेव्हा ठरवलं, स्वतःच छापायचं.

इंदापूरला मल्हारचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं. पुस्तक त्यानं पूर्वी छापलं नव्हतं, पण पत्रिकेला जास्त पानं लागली की पुस्तकच होतं, असं त्याचं मत. कामाची सुरुवात त्यानं मुखपृष्ठापासून केली. एकशे साठ पानांचा अंदाज धरून कण्यासकट पाचशे मुखपृष्ठं आधी छापून ठेवली. त्यामुळं पुस्तक आता जाडही होऊ शकत नव्हतं आणि बारीकही. कण्याचं माप म्हणजे माप, हे फिटरला कुणी शिकवायला नको.

मग त्यानं कादंबरीचं पहिलं पान जुळवलं आणि चेहरा पाडून बसला. म्हणाला, "आबा, वर तुमचं एकट्याचंच नाव? भाऊबंद काय म्हणतील? आमच्याकडनं अशी वस्तू बाहेर पडली न्हाय कधी."

मी त्याला समजावलं की पुस्तकावर लेखकाचंच नाव असतं. तो म्हणाला की नवरदेवाचंही एकट्याचंच लग्न असतं, तरी पत्रिकेवर किती नावं असतात. हे मला पटलं, आणि तिथंच घात झाला. सुरुवातीला एक पान नावांचं घालायला मी होकार दिला. वर 'निमंत्रक' आणि खाली माझे तीन भाऊ, दोन चुलते. एक निसर्गवर्णन काढून टाकलं, पान बसलं.

आता ज्यांना आमच्या भागातल्या पत्रिकेचा अनुभव आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. एका चुलत्याचं नाव घेतलं की दुसऱ्याचं घ्यावं लागतं. त्याचं घेतलं की त्याच्या पोरांची घ्यावी लागतात, पोरांची घेतली की जावयांनी काय पाप केलंय? ज्याचं नाव राहिलं तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. आणि तो जेवला नाही हे पुढं तीस वर्षं सांगितलं जातं. रामहरीच्या पुस्तकात नावं येतायत ही बातमी कळंबात पसरली आणि लोक याद्या घेऊन यायला लागले. कुणीही, कुणीच, कादंबरी कशावर आहे हे विचारलं नाही.

निमंत्रकांमागं स्वागतोत्सुक आले, मग कार्यवाहक, व्यवस्थापक. लहान पोरांसाठी पत्रिकेत असतं तसं 'किलबिल' सदर झालं, ते नऊ पानं चाललं. त्याखाली 'आमच्या आबांची कादंबरी वाचायला यायचं हं' असं मल्हारनं स्वतःच्या मनानं टाकलं. प्रत्येक यादीला जागा करायला माझं एकेक प्रकरण जात होतं. नायकाचं बालपण गेलं. दुष्काळ गेला. खलनायक सत्त्याहत्तर पानांचा होता, तो एका वस्तीच्या भावकीत गेला. कॅलेंडरवर मी आता काढलेले शब्द मांडत होतो, आणि खरं सांगतो, नेम कधी इतका नीट पाळला गेला नव्हता. खाडा म्हणून एक नाही.

पात्रांचं वाईट वाटतं असं मी मल्हारला म्हणालो, तर त्या भल्या माणसानं नायकाचं आणि खलनायकाचं नाव स्वागतोत्सुकांत एकाखाली एक बसवलं. विसाव्या प्रकरणातल्या बाईचंही घालतो म्हणाला, पण तिला मी नावच दिलं नव्हतं. सगळीकडं नुसतं 'ती'. त्याला कारण आहे. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. नवराही घेत नाही, हे कुणी बोलत नाही. लग्न झाल्यापासून मी तिला 'अगं' म्हणत आलो, आणि सौरभ झाल्यावर 'सौरभची आई'. लिहितानाही हात तिथं अडायचा.

शेवटी सहा पानं उरली. विसावं प्रकरण. म्हटलं, एकशे चोपन्न पानं गावाची, सहा माझी. चालेल, ही सहा तिनं वाचली की झालं. दुसऱ्या दिवशी छपाई सुरू व्हायची होती. सकाळीच विजयसिंह तात्या आले. तात्या म्हणजे पूर्वी साखर कारखान्यावर संचालक होते आणि अजूनही गावात कुणाच्या घरी बारसं असलं तरी खुर्ची पहिल्यांदा त्यांच्यासाठी टाकतात. त्यांच्या चारही लेकींचं सासर राहून गेलं होतं. यादी सहा पानांची होती. माप बघून आणल्यासारखी.

मी नाही म्हणू शकलो असतो. तात्यांनी काही मला फाशी दिली नसती. पण मी यादी घेतली, आणि घेताना मला हायसं वाटलं, हे आज कबूल करतो. चौतीस वर्षांपूर्वी जो माणूस खोटं बोलून बारामतीच्या गाडीत बसला होता, त्याच माणसानं ती सहा पानं मल्हारच्या हातातून काढून घेतली आणि घडी घालून पिशवीत टाकली. त्यात दुसऱ्या कुणाची चूक नाही.

छापून आलेल्या पुस्तकात कादंबरीचं पहिलं वाक्य तेवढं चुकून शिल्लक राहिलं होतं: 'भोंगा झाला आणि तो उठून बसला.' त्यानंतर थेट निमंत्रक. प्रकाशन समाजमंदिरात झालं. अध्यक्ष अर्थातच तात्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला घेतलं, आणि ज्याचं नाव येईल तो उठून नमस्कार करायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे. साडेतीन तास वाचन चाललं, जागचं कुणी हललं नाही. पाचशेच्या पाचशे प्रती त्याच दिवशी गेल्या. असं यश तालुक्यात कुठल्या लेखकाला मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

पुढं फोन सुरू झाले. एकाला सत्तेचाळिसाव्या पानानं डोळ्यांत पाणी आलं, कारण तिथं त्याच्या वारलेल्या आजोबांचं नाव हयातांत पडलं होतं. एकानं विचारलं की तो उठून बसला तो कोण, कारण त्यांच्या घरात सगळे उशिरा उठतात. बारामतीच्या एका प्राध्यापकांनी पेपरात लिहिलं की, ही कादंबरी कथानकाच्या जुलमातून वाचकाला सोडवते. मल्हारनं ते कात्रण लॅमिनेट करून छापखान्यात लावलं. ज्यांची नावं राहिली होती त्यांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याच्याकडं याद्या टाकायला सुरुवात केली, आणि मला रस्त्यात लोक लेखकसाहेब म्हणायला लागले. मी मान हलवायचो. मनातून मला इतकी लाज वाटत होती की चहा गोड लागत नव्हता.

आणि ह्या सगळ्यात माझी बायको पुस्तक वाचत होती.

खरंच वाचत होती. चष्मा लावून, ओट्याशेजारी पाटावर बसून, बोट ओळीवर ठेवून. सकाळी भाकरी झाल्यावर वीस पानं, दुपारी तीस. गावानं आपापलं नाव शोधलं आणि पुस्तक टीव्हीखाली ठेवलं. हिनं निमंत्रक वाचले, स्वागतोत्सुक वाचले, किलबिल एकेक पोर करत वाचली. मी म्हटलं, कशाला डोळे शिणवतेस, त्यात काही नाही. तर म्हणाली की शेवटापर्यंत वाचीन असं बोलले होते. अख्ख्या जगात माझं पुस्तक पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचणारा एक वाचक निघाला, आणि तो ही निघाली.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं पुस्तक मिटलं, चष्मा पुसला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"समदं वाचलं," ती म्हणाली. "तात्यांच्या लेकींची सासरं हायती. तानूबाई हाय, तिचा रेडा विकणारा दलाल हाय. माझं नाव कुठं हाय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. प्रत्येक घरानं आपली यादी दिली होती. आमच्या घराची यादी मी द्यायची होती, आणि मी लेखक असल्यामुळं दिलीच नव्हती. पाच हजारांच्या आसपास नावं. तिचं नव्हतं. ती रडली नाही, चिडली नाही. नाव राहिलेल्या माणसांसारखी जेवायची थांबलीही नाही. नुसती बसून राहिली, आणि ते मला बघवेना.

मी उठलो, पिशवीतली ती सहा पानं काढली आणि तिच्या हातात दिली. सांगितलं की ही छापायची राहिली, मीच काढली. छापखान्यात जुळवलेली होती, म्हणजे छापलेलीच धर.

तिनं तिथंच वाचली. बोट ओळीवरून सरकत होतं आणि मी त्या बोटाकडं बघत होतो. बोट दवाखान्यावरून गेलं, बारामतीवरून गेलं, जड गेलेल्या पाळीवरून गेलं. कुठंच थांबलं नाही. मला वाटलं, आता पुस्तक डोक्यात घालेल, आणि घातलं तर बरं होईल.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमी आला तवा कानामागं रंग तसाच हुता. मी पदरानं पुसला, तुमच्या आईनं बघू नये म्हणून. तुमाला वाटलं घाम पुसती."

चौतीस वर्षं मी जे लपवून ठेवलं होतं, ते ती तेवढीच वर्षं सांभाळून बसली होती. मी माफी मागितली, ती नीट मागताही आली नाही. तिनं हातानंच राहू द्या म्हटलं आणि पानं पुन्हा चाळली.

"ते ऱ्हाऊ द्या. ही 'ती', 'ती' कोण? सहा पानं झाली, बाईला नाव न्हाय?"

मी म्हणालो की नाव आहे, लिहिता आलं नाही.

"मग बोला."

दारात तानूबाई दुधाची किटली घेऊन उभी होती. तिनं ऐकलं की दुपारपर्यंत गावभर होणार होतं. पूर्वीचा मी असतो तर थांबलो असतो. पण आता गावापासून लपवायचं ह्या घरात काही उरलं नव्हतं. मी घसा साफ केला, आणि संसाराच्या सदतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली.

"जयवंता."

ती हातभर अंतरावर बसली होती. तरी लांब शेतातून हाकेला ओ देतात, तशी थोडी थांबून, मान वर करून म्हणाली, "व्हय."