दुहेरी टाका

नवऱ्याच्या ऑपरेशनासाठी नारिनहून परमुलखात, अल्माटीला निघताना बुरुलचाने घोड्या विकून आलेले डॉलर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवले. मेल्या चोरांच्या हाती लागायला नकोत, म्हणून नोटांच्या आरपार दुहेरी टाके घातले.

अल्माटीच्या बाजारात पैसे बदलून देणाऱ्या बाईने नोट उजेडात धरली. "आजी, हिची तर चाळण झालीय! भोकं पडलेली नोट कुणी घेणार नाही."

"अगं बये, सुईची भोकं ती! नोट काय खोटी आहे?"

"खरी आहे. पण चालायची नाही."

बाजारातल्या प्रत्येक खिडकीवर तेच ऐकून ती इस्पितळात परतली. खाटेवरून तिचा नवरा एसेनकुल कौतुकाने म्हणाला, "एकही हरवली नाही ना? तुझी शिवण म्हणजे शिवण!"

"एकही नाही," म्हणत बुरुलचाने नोटा पुन्हा अस्तरात सारल्या आणि सुईत दोरा ओवला.