काश्यप

बुधवारी सकाळी रावसाहेब खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून नारळाचा जॅम लावलेले दोन काया टोस्ट घेऊन आले आणि पिशवी लेकीच्या लॅपटॉपवरच ठेवत म्हणाले, "हर्षे, गरम आहे तोवर खा. तुझं ऑफिस काही पळून जात नाही."

हर्षा त्या दिवशी घरूनच काम करत होती. नोव्हेनाच्या संशोधन केंद्रात तिला सात वर्षं झाली होती. परभणीच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून हयात घालवलेले रावसाहेब बायको गेल्यावर पहिल्यांदाच लेकीकडे परदेशी, टॅम्पिनीसला राहायला आले होते. दोन महिन्यांत त्यांनी इमारतीतली निम्मी माणसं ओळखीची करून घेतली होती. एका फॉर्मवर वंश विचारला, तेव्हा तिथे 'इंडियन' लिहून ते म्हणाले होते, "आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात सुटलो बघ."

त्यांची सगळ्यात जास्त गट्टी जमली होती ती आठव्या मजल्यावरच्या लोरेटाबाईंशी. बाई अमेरिकेतल्या, कृष्णवर्णीय, इथे एका शाळेत शिकवायच्या. तरुणपणी रावसाहेबांनी तिकडच्या काळ्या लोकांच्या लढ्यावर मिळेल ते वाचलं होतं. ती पानं वाचताना आपल्याच वस्तीबद्दल वाचतोय असं वाटायचं, हे त्यांनी बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं.

"आज काय म्हणाल्या तुमच्या लोरेटाबाई?" टोस्ट मोडत हर्षाने विचारलं.

"त्यांच्या आजीची बहीण रंगानं उजळ होती. शिकागोला गेली आणि गोरी म्हणून राहिली. गोरा नवरा, मोठं घर, सगळं छान झालं तिचं. पुढं तिची आई वारली. ही आली खरी, पण चर्चच्या समोर गाडी उभी केली आणि आतच बसून राहिली. मयत पार पडल्यावर परत गेली."

"कशासाठी सांगताय मला हे?"

"तू विचारलंस म्हणून," रावसाहेब म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

हर्षाने टोस्ट बशीत ठेवला. परभणीहून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "जयभीम, बाळ." त्यावर ती म्हणायची, "हं बाबा, बोला." आधी आजूबाजूला मराठी मंडळाची माणसं असायची म्हणून. मग सवय झाली. इथल्या मराठी मंडळींत तिने धडधडीत खोटं असं एकदाच सांगितलं होतं. बाकी सगळं न बोलता होत गेलं. "जाधव म्हणजे मराठाच ना?" असं गार्गीने विचारलं होतं, तेव्हा ती नुसती हसली होती. तेवढं पुरलं. गार्गी तिची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. तापात उशाशी बसलेली, आई गेली तेव्हा आठवडाभर डबा पाठवणारी. तिला आता कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचारात वर्षं गेली.

आणि आज संध्याकाळी गार्गी बाबांना भेटायला यायची होती.

"बाबा," हर्षा टेबलाकडे बघत म्हणाली, "संध्याकाळी गार्गी येईल ना, तेव्हा नुसतं नमस्कार म्हणाल?"

ओट्यापाशी चमचा जरासा थांबला.

"म्हणेन की," रावसाहेब म्हणाले. "साखर किती घालू?"

गार्गी भाजणीच्या चकल्या घेऊन आली. रावसाहेबांनी दारातच हात जोडले. "नमस्कार." रस्त्यात, बँकेत, दवाखान्यात, कुणी जवळचं वारल्यावरसुद्धा ज्यांच्या तोंडून पहिला शब्द 'जयभीम'च निघायचा, त्या माणसाचा तो नमस्कार हर्षाला पाठ केल्यासारखा ऐकू आला. त्यांनी चकल्यांचं कौतुक केलं, गार्गीच्या मुलाच्या शाळेची चौकशी केली आणि थोड्या वेळाने पडायला आत गेले.

"किती शांत आहेत गं काका," गार्गी म्हणाली. "तू सांगायचीस, भारी बोलके आहेत म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब लिफ्टपाशी कोसळले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचं सगळं गार्गीने हातात घेतलं. मंडळाच्या ग्रुपवर तिने कळवलं, मंडाईच्या दहनगृहातली वेळ ठरवली, अनीशला फोन केला. अनीश आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी मंडळींकडे पूजा सांगायचा. "तू कशाची काळजी करू नकोस, काकांचं सगळं रीतसर होईल," असं गार्गी म्हणाली तेव्हा हर्षाने मान हलवली.

बाबांचे पांढरे कपडे काढायला ती त्यांच्या खोलीत गेली. पलंगाशेजारच्या टेबलावर बाबासाहेबांची छोटी तसबीर असायची. परभणीहून येताना टॉवेलात गुंडाळून आणलेली. आता टेबलावर नुसता चष्मा होता. तिने खण उघडला. रुमालांच्या घडीखाली तसबीर पालथी ठेवलेली होती. ही खोली गार्गीला दिसायचीसुद्धा नव्हती. हर्षाने फक्त नमस्कार म्हणायला सांगितलं होतं, तसबीर काढायला नव्हे. बुधवारी दुपारी कधीतरी त्यांनी आपण होऊन ती काढून ठेवली होती, लेकीला पुन्हा सांगावं लागू नये म्हणून.

ती पलंगाच्या कडेवर बसली. मग तसबीर पुसून तिने पर्समध्ये ठेवली.

मंडाईला गाडी थांबली, सगळे उतरले, तरी ती आतच बसून होती. समोरच्या पायऱ्यांवर मंडळातली वीसेक माणसं उभी होती. त्यांच्यापासून जरा बाजूला, काळ्या कपड्यांत, लोरेटाबाई एकट्या. बाई गाडीकडेच बघत होत्या. हर्षाने दार उघडलं.

आत अनीश सोवळं नेसून तयार होता. गार्गीच्या हातात गंगाजळाची बाटली आणि तुळशीचं पान होतं.

"हर्षा, गोत्र?" अनीशने हलक्या आवाजात विचारलं.

"काश्यप," गार्गीनेच उत्तर दिलं. "फ्लॅटच्या पूजेला सांगितलं होतंस ना तू? माझ्या लक्षात आहे."

सांगितलं होतं. ज्याला गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगावं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि पुस्तकात वाचलेलं ते ऐन वेळी कामाला आलं होतं.

"अनीश, थांब जरा," ती म्हणाली. "आम्हाला गोत्र नाही. त्या दिवशी मी खोटं सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत. बाबांना यातलं काही चालणार नाही."

मागे कुणीतरी घसा खाकरला. अनीशने हातातला कागद दुमडला आणि तो दोन पावलं मागे सरकला. गार्गीला बाटली कुठे ठेवावी ते कळेना.

"अगं, मग मला सांगायचंस तरी," ती म्हणाली. "सात वर्षं..." आणि तिचा चेहरा असा झाला, की तो राग आहे की दुखावलेपण, हे हर्षाला त्या क्षणी ओळखता आलं नाही. ओळखायला थांबण्याइतका वेळही नव्हता.

तिने पर्समधून तसबीर काढून बाबांच्या उशाशी उभी केली. बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायला लागली. लहानपणी रोज म्हटलेलं, पण दुसऱ्यांदा म्हणताना शब्द मागेपुढे झाले, ती थांबली आणि पहिल्यापासून म्हणाली. तिच्या मागे म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. लोरेटाबाई मात्र पुढे येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

दहनगृहाच्या माणसाने खूण केली. आता ट्रॉली आत जायची.

हर्षा वाकली. बाबांच्या कपाळावर हात ठेवला. मग सरळ उभी राहिली आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जयभीम, बाबा."