ज्यांची चिठ्ठी निघाली नाही

फ्रिजदुरुस्तीच्या वर्गात जागा कमी आणि अर्ज ढीगभर, म्हणून चिठ्ठ्या टाकायची कल्पना माझीच. निघाली तो वर्गात, नाही निघाली तो घरी. वर्षभराने दोन्हीकडच्यांची कमाई ताडून पाहायची. निवड नशिबाने झालेली, तेव्हा फरक पडला तर तो शिकवण्यानेच. हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "एवढं अर्थशास्त्र शिकून शेवटी चिठ्ठ्याच काढतेस होय?" मी तोंड वाकडं केलं.

वर्ष सरलं आणि फरक निघाला शून्य. वर्गात बसलेले बरं कमावत होते, घरी गेलेलेही तितकंच. वर्गाचा खर्च उचलणाऱ्या संस्थेने लगेच कळवलं: उपयोग नसेल तर वर्ग बंद. हे वस्तादांना सांगायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. वर्ग तेच चालवत. पोटच्या पोरांना शिकवावं तसं शिकवत. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुमच्यामुळे कुणाचं काही बदललं नाही?

आकडे पुन्हा तपासले. चूक सापडेना. शेवटी वैतागून चिठ्ठी न निघालेल्या एका बाईंना भेटायला गेले. त्या एका दुकानातला फ्रिज उघडून बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून दाढीचा ब्रश काढला, साबणाचा फेस केला, नळीच्या जोडावर फासला आणि गॅस गळून बुडबुडे येतात का ते डोळे बारीक करून पाहू लागल्या.

दाढीच्या ब्रशाने गळती शोधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता.

"कुठे शिकलात हो हे?"

"वस्तादांकडे, आणखी कुठे! वर्ग सुटला की आम्ही जायचो. बरेच जण होतो."

मी तडक वर्ग गाठला. वस्ताद नळ्या पुसून ठेवत होते.

"चिठ्ठी न निघालेल्यांना शिकवलंत?"

"दारात येऊन उभी राहिली गं माणसं. चिठ्ठी नाही म्हणून हाकलू?"

"तुम्ही दोन्हीकडच्यांना शिकवलंत, म्हणून फरक दिसेना! आणि फरक दिसेना, म्हणून वर्ग बंद होतोय!"

ते मटकन स्टुलावर बसले. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

"मग जे आलेच नाहीत, त्यांच्याशी ताडून बघ," ते हळूच म्हणाले.

"नाही चालत. तुमच्या दारात आले ते मुळातच धडपडे. त्यांनी तुमच्याशिवायही काहीतरी केलं असतं. ते श्रेय तुम्हाला कसं देऊ?"

मी संस्थेला झालं ते सगळं कळवलं, वस्तादांचा चांगुलपणासुद्धा. पुष्कळ रदबदली केल्यावर आणखी एक वर्ष मिळालं. नव्या चिठ्ठ्या, आणि या वेळी न निघालेल्यांना वर्षभर काहीही शिकवायचं नाही. फरक दिसला तर पुढच्या वर्षी पहिला नंबर त्यांचा.

नव्या चिठ्ठ्या निघाल्या त्या संध्याकाळी वस्तादांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"रोज सकाळी तूच उघड, संध्याकाळी तूच लाव. किल्ली माझ्याकडे राहिली तर मी उघडेन." एवढं बोलून ते मागे न बघता चालू लागले.

मी वळले तर पायरीशी एक मुलगी उभी. सकाळी तिची चिठ्ठी निघाली नव्हती. हातात नवाकोरा पाना.

"वस्ताद आहेत? संध्याकाळी शिकवतात म्हणे."

तिला काय सांगणार? की तू शिकली नाहीस, तरच हा वर्ग टिकेल? एरवी हे सगळं मला किती छान समजावता येतं.

"नाही शिकवत," मी म्हटलं.

ती पाना ओढणीत गुंडाळून निघून गेली. मुठीतली किल्ली एव्हाना गरम झाली होती. मुलगी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि दारात आलेल्या कुणालाही कधी 'नाही' न म्हटलेल्या वस्तादांचा मला फार हेवा वाटला.