हफिजाचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता वाजत नाही, पण म्हणून मला काही सांगायचे नाही असे समजू नका.

माझा जन्म जपानचा. कुवेतच्या दुकानातून जुल्फिकारने मला विकत घेतले आणि नव्वद सालच्या आरंभी ब्लँकेटात गुंडाळून महाडला, आपल्या बायकोकडे आणले. हफिजा दासगावची, सावित्री नदीच्या काठी वाढलेली. शाळेत फारशी गेलेली नाही. तिला पत्र लिहिता येईना, म्हणून मी आलो. ती बोलणार, मी कॅसेटवर उतरवणार आणि कुणी कुवेतला निघाला की त्याच्या बॅगेतून कॅसेट जाणार.

काय माझी ऐट होती! बोलणे भरायच्या दिवशी अख्खा मोहल्ला पडवीत जमे. सासूबाई घसा खाकरून दुवा देत, शेजारी आणायच्या वस्तू सांगत. शेवटी हफिजाची पाळी. सगळे तिच्या तोंडाकडे बघत. ती पदर सावरून म्हणे, "बाकी सगळं बरं हाय." तिकडेही खोलीतले सगळे मिळून कॅसेट ऐकत. मग बिचारी मनातले बोलणार कशी?

त्याच वर्षी कुवेतवर इराकचे सैन्य चालून आले. जुल्फिकारची खबर येईना. हफिजा मला मांडीवर घेऊन त्याने तिकडून धाडलेली कॅसेट पुन्हा पुन्हा लावी. तो सुखरूप परतला, पण पोटासाठी पुन्हा गेला. लेक रिम्शा जन्मली. एसटीडीचे पिवळे बूथ आले, तर तिथेही पाठीमागे रांग. कोकण रेल्वे सुरू झाली, सासूबाई पैगंबरवासी झाल्या. हफिजाचे मनातले मनातच राहिले.

दोन हजार चारला जुल्फिकार कायमचा घरी आला. आता गंमत ऐका. नवराबायको समोरासमोर बसली की दोघांची दातखीळ बसे! सवयच नव्हती ना. मग हफिजाने मला चुलीपाशी नेले, बटण दाबून बोलली आणि रिम्शाच्या हाती मला पडवीत धाडले. "कालवण खारट झालंय, रागवू नका." त्याने तिथूनच उत्तर भरले, "चालंल. तू जेवलीस का?" वर्षभर मी एकाच घरात अशा येरझाऱ्या घातल्या. रिम्शा हसून हसून बेजार व्हायची.

पुढच्या जुलैत सावित्री गावात शिरली. तिघे शेजारच्या गच्चीवर चढले, मी खाली बुडालो. घर धुऊन निघाले. पाणी ओसरले तसा जुल्फिकार पुन्हा कुवेतच्या गोष्टी करू लागला. हफिजाने मला चिखलातून काढले, बटण दाबले. मी मुका. तिला रडूच कोसळले.

"तुमाला एक सांगायचं व्हतं. आता कसं सांगू?"

"मी हाय ना हितं. सांग."

"जाऊ नका वो. इतकी वर्सं खोटं बोलले मी. तुमच्याबिगर मला काय गोड लागत नाय."

जुल्फिकार गेला नाही. बिरवाडीच्या रस्त्यावर तो मिनिडोर, म्हणजे तीनचाकी प्रवासी गाडी, चालवू लागला. रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून दोघे बोलत, आणि मी फळीवरून ऐके. मुका होतो, तरी त्या दिवसांइतका आनंद मला कधी झाला नाही.

दोन हजार नऊला हफिजा गेली. रिम्शाने मला मेकॅनिककडे नेले, पण पुरात कॅसेटीही कुजल्या होत्या. आईचा आवाज कुठेच उरला नाही, म्हणून ती रडू लागली.

"रडू नको गो," जुल्फिकार म्हणाला. "समोर बसून बोलली ती माझ्याशी. मला ते पुरं हाय."

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. त्यांना फडक्याने पुसा, पावसाळ्यात उंच फळीवर ठेवा. पण ज्याला सांगायचे तो माणूस घरात असेल, तर माझे बटण दाबू नका. उठा आणि त्याच्यापाशी जाऊन बसा.