मांजराला सोडून

वेस्ट मांबलममध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या श्रीविद्याला कॉलेजच्या प्रकल्पासाठी एक लहान मूल आणि एक मोठं माणूस हवं होतं. कोण किती वेळ लक्ष टिकवतं, हे तिला तपासायचं होतं. वरच्या मजल्यावर दोन्ही मिळाले: सहा वर्षांची निधी आणि तिचे बाबा मंदार.

मंदार ओरगडमच्या मोटार कारखान्यात गाड्यांचा रंग तपासायचा. "लक्ष देणं हेच तर माझं काम," असं म्हणून त्याने बाह्या सरसावल्या.

"सोपं आहे, अण्णा," श्रीविद्या म्हणाली. तिचं घराणं तंजावरचं, त्यामुळे तिच्या मराठीला तमिळचा हेल होता. "लॅपटॉपच्या पडद्यावर प्राणी येतील. प्रत्येकाला बटण दाबायचं. मांजर आलं तर मात्र गप्प बसायचं. सेरी?"

आधी निधी बसली. गाय, दाबलं. कुत्रा, दाबलं. मांजर, थांबली. मग तिचे पाय हलायला लागले. मग ती अख्खीच हलायला लागली. पुढचं मांजर आलं तेव्हा तिने जोरात बटण दाबलं.

"अगं, मांजराला नाही दाबायचं!" श्रीविद्या म्हणाली.

"आपण सगळ्यांना दाबतो आणि त्यालाच नाही. त्याला वाईट नाही का वाटणार?" त्यानंतर तिने फक्त मांजरांनाच दाबलं.

मग मंदार बसला. पाठ ताठ, नजर पडद्यावर. टक, टक, टक. एकही चूक नाही. त्याची बायको कीर्ती कौतुकाने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

हळूहळू मंदारचं मन सोमवारच्या मीटिंगला पोचलं. चंदेरी गाडीच्या बॉनेटवरचा ओरखडा कुणाच्या माथी मारायचा? बोट मात्र चालूच होतं. तेवढ्यात लॅपटॉपचं चार्जिंग संपलं. पडदा काळा झाला.

टक, टक, टक.

श्रीविद्या बोलणार, इतक्यात निधीने तोंडावर बोट ठेवलं. मघाशी खुर्चीत न टिकणारी ती पोर आता पापणीही न लववता बाबांकडे बघत होती. कीर्तीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

टक, टक. मंदार क्षणभर थांबला. पुन्हा टक, टक.

शेवटी श्रीविद्याला राहवेना. "अण्णा, मध्येच का थांबलात?"

"मांजर आलं होतं ना!"

तिघी इतक्या हसल्या, की मंदारला काळा पडदा दिसायलाही वेळ लागला. दिसल्यावर त्याचे कान लाल झाले. "चार्जर लाव. पुन्हा घे," तो म्हणाला.

आता मन भटकू नये म्हणून तो प्रत्येक प्राण्याचं नाव मोठ्याने ओरडू लागला. "गाय! हत्ती! गाढव!" या वेळी एकही चूक झाली नाही. फक्त शेजारचे नारायणस्वामी दार वाजवून आत आले आणि घरात शाळा काढली आहे का, असं विचारू लागले.

कीर्तीने त्यांना कॉफी दिली. श्रीविद्याने खुर्ची पुढे सरकवली. "मामा, बसा ना. थोडा वेळ आहे?"